भोपाळात जमिनीचा वकील व्हायचंय?

सनद मिळाली, बारची परीक्षा सुटली, काळा कोट शिवून झाला. आता कोर्टात उभं राहून गरजायची हौस असेल, तर फौजदारीकडे वळा. जमीनजुमल्याचे आणि धंद्याचे कागद करणाऱ्या वकिलाला आवाज लागत नाही, चांगला चष्मा लागतो.

महाराष्ट्रातून आला असाल तर सातबारा विसरा. पक्षकाराकडे खसरा, बी-१, नकाशा आणि ऋणपुस्तिका मागा. तो रजिस्ट्रीची झेरॉक्स पुढे सरकवून म्हणेल, 'वकील साहब, सब क्लियर है.' समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. खसरा क्रमांकापुढे तिरकी रेघ, तिच्यापुढे आणखी एक तिरकी रेघ दिसली, तर बटांकन, म्हणजे नकाशावर तुकड्यांची आखणी, झालंय का ते विचारा. कागदावर वाटण्या झालेल्या असतात, नकाशावर मात्र आजोबांचं शेत अजून अखंड असतं. मग विकत घेतलेला तुकडा रस्त्याकडचा की नाल्याकडचा, ते बळी तो कान पिळी या न्यायाने ठरतं.

प्लॉट नुसत्या मुखत्यारपत्रावर 'विकलेला' असेल, तर सुप्रीम कोर्टाचा २०११ सालचा सूरज लॅम्पचा निकाल समजावून सांगा: अशाने मालकी जात नाही. पक्षकार शांतपणे ऐकेल आणि विचारेल, 'पर चलता है ना?'

बिल्डरचं माहितीपत्रक बघण्याआधी रेराचा नंबर बघा. पुढे चला.

आता मालकीचा माग. ज्येष्ठ वकील सांगतात, तीस वर्षं मागे जा. कोहेफिजाच्या बाजूला तीस वर्षांवर थांबू नका. तिथे माग नवाब हमीदुल्ला खानांपर्यंत पोचू शकतो. १९४९ साली भोपाळ संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आलं. नवाबांची थोरली मुलगी आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली. १९६० साली नवाब वारले आणि सरकारने मधल्या साजिदा सुलतान यांना वारस मानलं. सैफ अली खान त्यांचा नातू, हो, तोच. थोरली सीमेपलीकडे गेली म्हणून २०१५ साली नवाबांच्या मालमत्तेवर शत्रुसंपत्तीचा शिक्का बसला. इकडे वारसांच्या भांडणात खालच्या कोर्टाने २००० साली दिलेला निकाल जबलपूरच्या हायकोर्टाने जून २०२५ मध्ये रद्द करून दावा परत खाली पाठवला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. तेव्हा टायटल रिपोर्टवर 'मालकी निर्वेध' असं लिहिण्याआधी पेन खाली ठेवा, घोटभर पाणी प्या आणि फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. अशी फाइल हाती आली, तर शिकायला याहून चांगली शाळा नाही, हे माझं प्रामाणिक मत.

धंद्याची कामं त्या मानाने सोपी वाटतात. दोन जिगरी दोस्त येतात, भागीदारी करायचीय म्हणतात. फर्म नोंदवायला सांगितली की दुखावतात: 'दोस्ती में लिखा-पढ़ी कैसी?' त्यांना १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ दाखवा. फर्म नोंदलेली नसेल, तर करार मोडणाऱ्या गिऱ्हाइकावर तिला दावा लावता येत नाही, आणि भागीदारी चालू असताना दोस्ताला करारावर बोट ठेवून कोर्टात खेचताही येत नाही. हे दुसरं ऐकून दोघं एकमेकांकडे बघतात आणि मुकाट्याने सह्या करतात.

फी मात्र रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी घ्या. रजिस्ट्री झाल्यावर पक्षकाराचा फोन लागत नाही.