शहाण्णव कुळी संपादकीय

बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक सिल्क बोर्डचा सिग्नल आणि दुसरी मंडळाच्या दिवाळी अंकाची बैठक. सिग्नल कधीतरी सुटतो. यंदाच्या बैठकीत कुणीही विचारलेलं नसताना मी जाहीर केलं, की अंकाचं सगळं साहित्य आपण गिटमध्ये ठेवू. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते.

“खजिनदारांनी जाहिरातीचे पैसे कधी भरले, तेही कळेल?” संपादक काकूंनी विचारलं.

“नाही, फक्त फाइलींचं.”

“मग ते आत्ताही कळतंच की,” असं म्हणून काकूंनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. मी ती संमती समजलो.

घरी येऊन काकूंची ‘संपादकीय’ नावाची फाइल गिटच्या भांडारात टाकली आणि मोठ्या ऐटीत ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर उमटलं: \३४०\२४४\२७०\३४०\२४४\२०२... आणि असंच पुढे, ओळ संपून खालच्या ओळीत. काना, वेलांटी आणि अनुस्वार सुटे धरले तर ‘संपादकीय’मध्ये आठ चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि गिट दर बाइटपायी एक तिरपी रेघ आणि तीन आकडे छापतं. आठ त्रिक चोवीस, चोवीस चोक शहाण्णव. काकूंचं साधंसुधं संपादकीय एका रात्रीत शहाण्णव कुळी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या खुर्चीवरच्या धारवाडच्या सहकाऱ्याला मी हा अन्याय दाखवला. कन्नडमध्येही संपादकीयाला संपादकीयच म्हणतात. त्याने ते कन्नड लिपीत लिहून मोजलं, तेही बरोबर शहाण्णव भरलं. शिवाय दोन्हीकडे प्रत्येक चिन्हाची सुरुवात ३४० नेच. महाराष्ट्र आणि कर्नाटक १९५६ पासून सीमेवर भांडताहेत, पण ३४० वर दोन्ही राज्यांचं संपूर्ण एकमत आहे, हे त्या दिवशी मला कळलं. तो आणखी काहीतरी सांगणार होता. पण मला स्फुरण चढलं होतं, आणि अशा वेळी मी ऐकून घेत नाही.

मी गिटच दुरुस्त करायचं ठरवलं. म्हणजे लिनस टॉर्वाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये, लिनक्ससाठी वापरलं जाणारं बिटकीपर फुकट मिळेनासं झाल्यावर, लिहायला घेतलेलं आणि आज जगभरचे प्रोग्रामर ज्यावर विसंबून आहेत, ते गिट. सुदैवाने त्याचा कोड सर्वांना खुला आहे. कुणीही दुरुस्ती करून ई-मेलने पाठवावी. पसंत पडली तर ती आत जाते. कोडला हात लावण्याआधी मी ती ई-मेल लिहायला बसलो.

पत्र फार छान उतरलं. त्यात ज्ञानेश्वर होते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची तारीखवार नोंद होती. जुलै २००५ पासून गिटची देखभाल जुनिओ हामानो करतात, एवढं मला माहीत होतं. जुनिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये जून महिना, तेव्हा गृहस्थ त्या बाजूचे असणार, असा मी परस्पर निष्कर्ष काढला. म्हणून शेवटी ठणकावलं: ज्यांचं नाव रोमन लिपीत मावतं, त्यांना आमचं दुःख कसं कळावं? हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिने एकदाच ऐकलं.

मग कोड उघडला. ‘क्वोट डॉट सी’ नावाची फाइल सापडली आणि तिच्यात ‘क्वोट_पाथ_फुली’ नावाचा चल. नावातच फुली! त्याची किंमत १ ठेवलेली होती. मी १ खोडून ० केला, गिट नव्याने बांधून घेतलं, आणि पडद्यावर ‘संपादकीय’ असं स्वच्छ देवनागरीत उमटलं. एका आकड्यात मी महाराष्ट्राची आणि, मोठ्या मनाने, कर्नाटकाचीही अस्मिता राखली होती. इतका सोपा उपाय इतकी वर्षं कुणालाच कसा सुचला नाही, ही शंका मला यायला हवी होती. त्याऐवजी मी कॉफी केली.

दुरुस्ती पाठवण्याआधी सगळ्या चाचण्या चालवाव्यात, असा नियम आहे. चाचण्या शेकडो. लॅपटॉपचा पंखा उडायच्या बेतात येईपर्यंत त्या चालल्या, आणि ३९०२ क्रमांकाची आपटली. कुणी खोडसाळपणा केलाय ते पाहायला ती फाइल उघडली, तर आत नमुन्यादाखल जपानी अक्षरांतली नावं. कुतूहल म्हणून त्यांचा उच्चार शोधला. एक निघालं ‘हामानो’ आणि दुसरं ‘जुन’.

स्पॅनिश नव्हे, गृहस्थ मूळचे जपानी. त्यांनी स्वतःचं आडनाव आणि नाव त्या चाचणीत घालून, त्याचेही रेघा आणि आकडे कसे होतात हे जातीने तपासून ठेवलं होतं. लगेच खाली, ‘क्वोटपाथ’ नावाची सेटिंग बंद केली की तीच अक्षरं जशीच्या तशी दिसतात, याचीही तपासणी होती. ही सेटिंग २००७ पासून आहे. कारणही सरळ आहे. गिटच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. ते कुठल्या लिपीचे, कुठल्या पद्धतीने लिहिलेले, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सवयीबाहेरचा बाइट दिसला की ते हात राखून आकडे छापतं. ज्या फुलीला मी खोडलं, ती म्हणजे हीच सेटिंग होती.

ज्ञानेश्वरांसह पत्र कचऱ्यात टाकलं. नंतर कचरापेटीही रिकामी केली, कारण बायको शोधेल अशी भीती वाटली.

“ती सेटिंग ना? माझ्याकडे कधीचीच बंद आहे,” धारवाडकर म्हणाला. “त्या दिवशी तेच सांगत होतो. तुम्ही अस्मितेवर होता.”

पुढच्या बैठकीत मी काकूंच्या संगणकावर ती एका ओळीची आज्ञा दिली. नाव देवनागरीत झळकलं. आता खरी करामत दाखवतो म्हणालो आणि संपादकीयाच्या कालच्या आणि आजच्या प्रतीतला फरक गिटला विचारला. काकू लिहितात वर्डमध्ये. असल्या फाइलींच्या पोटात गिट शिरत नाही. दोन्ही फाइली वेगळ्या आहेत, एवढंच सांगून ते गप्प बसलं.

“काय वेगळं आहे, ते नाही सांगत?”

“नाही.”

“दुसऱ्या परिच्छेदातलं ‘तथापि’ काढलंय,” काकू म्हणाल्या. “आणि खजिनदारांचे आभार.”