नाद करायचा तर नक्षीदार रिव्हॉल्व्हरचा : नवशिक्यांसाठी

सर्वांत आधी बार काढायची हौस मनातून काढून टाका. हे रिव्हॉल्व्हर उडवायचं नसतं, घासून चकचकीत करायचं नसतं, आणि उघड्या हाताने धरायचंही नसतं, कारण घामाने गंज चढतो. सुती हातमोजे आणा. तिजोरी आणा. विमा उतरवा. आता फक्त रिव्हॉल्व्हर आणि त्याचे पैसे तेवढे राहिले.

सुरुवात कोल्टपासून करावी. सगळेच तिथून करतात, म्हणून भावही तिथेच चढे. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेऊन न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना काढला. (त्याच राज्यातल्या एडिसन गावच्या मराठी मंडळींनी भारतातून आलेल्या पाहुण्यांना एखाद्या रविवारी मॉलऐवजी पॅटरसनच्या संग्रहालयात न्यावं. तिथे त्या काळची पिस्तुलं आहेत.) तो कारखाना बुडाला. पुढे कनेटिकटमधल्या हार्टफर्डला बस्तान बसलं, तोवर कोल्टला धंद्यातली एक मेख कळली होती : हजारो पिस्तुलं खपवायची तर एक फुकट द्यावं, आणि ते असं द्यावं की घेणाऱ्याने दरबारात मिरवलं पाहिजे. क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास त्याने सोन्याचं जडावकाम केलेली जुळी रिव्हॉल्व्हरं वाटली. एक रशियाचा झार निकोलस पहिला याला, दुसरं तुर्की सुलतान अब्दुलमजीदला. म्हणजे लढाईच्या दोन्ही बाजूंना एकेक! सुलतानाचं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नक्षी गुस्ताव यंगची मानली जाते.

‘मानली जाते’ हे दोन शब्द नीट गिरवून घ्या, या नादाचं सगळं अर्थकारण त्यांच्यावर उभं आहे. प्रशियातून आलेला यंग, न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के आणि कोल्ट कारखान्यात नक्षीकामाचा प्रमुख म्हणून अर्धशतकाच्या आसपास बसलेला कूनो हेल्फ्रिख्ट ही नावं पाठ पाहिजेत. तिघांचीही मुळं जर्मन मुलखातली, आणि आपल्या कामावर सही करायची सवय कुणालाच फारशी नव्हती. सुताराने खुर्चीवर नाव कशाला घालायचं, असा हिशेब असावा. त्यातल्या त्यात निम्श्केने पुढच्यांवर उपकार करून ठेवले. काम संपलं की तो कोरीव रेघांत शाई भरायचा, वर कागद दाबायचा आणि उठलेला ठसा वहीत चिकटवायचा. १९६५ मध्ये ती ठशांची वही पुस्तकरूपाने छापली गेली. तेव्हापासून रिव्हॉल्व्हरसमोर एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात ते पुस्तक घेऊन बसणाऱ्यांची एक जमातच तयार झाली आहे.

आता पहिली परीक्षा. १८५१ चं नेव्ही मॉडेल हातात येतं, सिलिंडरवर शिडाची जहाजं तोफा डागताहेत, आणि नवशिक्या म्हणतो, ‘वा, काय हात आहे!’ हात कुणाचाच नाही. बँकनोटांचे ठसे कोरणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीने एक ठसा केला आणि यंत्राने तो सिलिंडरवर लाटला. हे मॉडेल दोन लाखांहून अधिक निघालं, तेव्हा ती नौकांची लढाई जिथे तिथे सापडते. ती पाहून किंमत विचारली की विक्रेता चहा मागवतो, हे लक्षात ठेवा.

खरी नक्षी पाहायची ती चौकटीवर आणि नळीवर. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. वेलीच्या वळणात कोरणी कुठे अडखळली का, पार्श्वभूमीवरचे बारीक ठिपके एकसारख्या जोराने पडलेत का, हे बघा. पोलाद मऊ असताना कोरतात, मग ते कडक करून त्यावर निळा रंग चढवतात. म्हणून जुन्या काळवंडलेल्या पृष्ठभागात रेघेचा तळ चकाकताना दिसला की समजावं, वेल परवा उगवली आहे. पूर्वी छापलेल्या अक्षरांना ती कापत गेली असेल तर शंकाच नको. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील तर कुणीतरी पॉलिशचं चाक फिरवलं आहे. कारागिराचं काम त्या चाकाबरोबर गेलं.

मग येतो कागद. शुल्क भरून अनुक्रमांक कळवला की कोल्टच्या दप्तरातून पत्र येतं : अमुक तारखेला, अमुक व्यापाऱ्याकडे, नक्षीसह किंवा नक्षीविना. जुन्या मालाच्या नोंदी मात्र विरळ. फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली होती. पत्रात नक्षीचा उल्लेख नसला तरी विक्रेता डगमगत नाही. ‘साधं पिस्तूल बाहेर पाठवून कोरून घेतलंय,’ म्हणतो. आणि पंचाईत अशी की हे खरंही असू शकतं. निम्श्के न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांसाठीच काम करायचा.

मूठ हस्तिदंती असेल तर तिला चुकूनही मोत्याची म्हणू नका. अमेरिकन जनरल पॅटनने १९१६ मध्ये घेतलेल्या, हेल्फ्रिख्टच्या नक्षीच्या कोल्टची मूठ हस्तिदंतीच होती आणि तिला मोत्याची म्हटलेलं त्याला खपत नसे. हस्तिदंत आला की वनखात्याचे कायदे आले. अमेरिकेनेही २०१६ पासून त्याच्या व्यापाराला चाप लावला आहे. खुद्द पिस्तुलाचा कायदा वेगळा : तिथे १८९८ किंवा त्याआधीचं पिस्तूल केंद्रीय कायद्याने प्राचीन वस्तू ठरतं. भारतात नुसत्या वयाने भागत नाही. शस्त्र कायद्याची सूट हवी तर ते दुरुस्त करूनही उडता कामा नये.

राहता राहिला भाव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जनरल ग्रँटची रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांची जोडी, नखशिखांत नक्षी, मुठीवर त्याचा चेहरा कोरलेला, २०२२ मध्ये ५१ लाख डॉलरच्या वर गेली. आदल्याच वर्षी शेरीफ पॅट गॅरेटने कुख्यात गुंड बिली द किडला ज्याने मारलं ते कोल्ट ६० लाखांवर विकलं गेलं. त्याच्यावर एक रेघही नक्षी नाही. तेव्हा भिंग घ्या, पुस्तक घ्या आणि पैसे खर्चण्याआधी मेट्रोपॉलिटनच्या शस्त्रदालनात एक फेरी मारून या. बुधवारी बंद असतं.