वाढत्या अंगाची क्रेट

आमच्या घराण्यात मापाची वस्तू घ्यायची पद्धत नाही. मी पाचवीत गेलो तेव्हा वडिलांनी गणवेशाची जी खाकी चड्डी शिवून घेतली ती आठवीत पहिल्यांदा माझ्या कमरेवर आपणहून थांबली, आणि ज्या वर्षी ती नीट बसायला लागली त्याच वर्षी शाळेने फुल पँट सक्तीची केली. चपला, स्वेटर, रेनकोट, सायकल, सगळं वाढत्या अंगाचं. लग्नातला माझा सूटसुद्धा 'पुढे अंग सुटेल' या भरवशावर दोन इंच सैल शिवला होता, आणि तेवढ्या एकाच बाबतीत घराण्याचा अंदाज बरोबर ठरला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची हकिकत वाचताना तुम्ही माझ्या अकलेला एकटीलाच जबाबदार धरणार नाही.

तर झालं असं, की जूनच्या पहिल्या पावसात आमच्या कन्येने पार्किंगमधून एक कुत्र्याचं पिल्लू उचलून वर आणलं. बाकीच्या भावंडांना घरं मिळाली होती, हे एकटंच कुणाच्या तरी स्कूटरखाली कुडकुडत बसलं होतं. आमचं डोंबिवलीतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हॉल एवढासा की पाहुणे उठल्याशिवाय मला पंखा लावायला जाता येत नाही. माझ्या आईने दारातच हात आडवा धरला. पण पिल्लाचा रंग असा हळदीसारखा पिवळा, आणि आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याच्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच. आईने एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे, आणि हात खाली घेतला. पिल्लाचं नाव हळद्या पडलं.

मी सोसायटीच्या तयारीला लागलो. पाळीव कुत्र्यांवर गृहनिर्माण संस्थांना सरसकट बंदी घालता येत नाही असं सांगणारी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक सूचना, राज्यघटनेतलं प्राणिमात्रांवर दया करायला सांगणारं कलम ५१ अ, असा सगळा दारूगोळा जमवून एक भाषण पाठ केलं आणि सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते दारातच म्हणाले, "बरं झालं तुम्ही नेलंत, माझ्याच स्कूटरखाली मुतत होतं." भाषण वाया गेलं.

पिल्लाला झोपायला जाळीचा पिंजरा, म्हणजे क्रेट, घ्यायची कल्पना कन्येची. तिने मला समोर बसवून समजावलं, की क्रेट म्हणजे काही कोंडवाडा नव्हे. दार उघडं ठेवायचं, जेवण आतच द्यायचं, आत असताना गळ्यातला पट्टा काढायचा, नाहीतर तो तारांत अडकतो, आणि शिक्षा म्हणून तर कधीच कोंडायचं नाही. मग हळूहळू त्याला ती स्वतःची खोली वाटायला लागते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "स्वतःची खोली? इतक्या वर्षांत मला मिळाली नाही ती." यावर मी, बायको आणि कन्या अशा तिघांनीही पिल्लाकडे पाहिलं.

मापाचा नियम सोपा आहे. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्यासाठी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्यायची, बसलेल्या कुत्र्याची जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची घ्यायची, आणि दोन्हींत तीन-चार इंच वाढवायचे. मी हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बसलो. नाकाकडून सुरुवात केली तर नाकाच्या खाली तोंड असतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. हळद्याने टेपचे पहिले ७ इंच खाल्ले. तेव्हापासून हिच्या ब्लाउजची मापं आठपासून सुरू होतात.

तेव्हा अंदाजानेच घ्यायचं ठरवून मी दादरच्या एका दुकानात गेलो. भिंतीवर तक्ता होता: पग २४ इंच, बीगल ३० इंच, लॅब्रॉडोर ४२ इंच. आमच्या जातीचा रकाना नव्हता. दुकानदाराने विचारलं, "आई केवढी आहे?" म्हटलं, मध्यम. "आणि वडील?" म्हटलं, "वडिलांबद्दल सोसायटीत एकमत नाही." तो भला माणूस म्हणाला, मग ३६ इंची न्या, देशी कुत्र्याला भरपूर होते. कापडी नको, पिल्लू चार दिवसांत फाडेल. विमानप्रवासाची प्लास्टिकची पेटी तुम्हाला कशाला? ही तारेची घडीची बघा. हे सगळं तो नीट सांगत होता आणि माझं लक्ष शेजारच्या ४२ इंचीकडे होतं, कारण निघताना आईने पिल्लाचे पंजे बघून 'हा चांगला थोराड होणार' असं सांगितलं होतं, आणि दोन्हींच्या किमतीत फरक फारसा नव्हता. ६ इंच जवळजवळ फुकट! माझ्यातले वडील जागे झाले. दुकानदार पुढे आणखी काहीतरी सांगत होता, जाळी, सरकवायची, पिल्लू असेपर्यंत, असे शब्द कानावर आले, पण मी तोपर्यंत मनात इंचाला किती रुपये पडले त्याचा भागाकार करत होतो.

४२ इंची क्रेट घडी घातल्यावर चपटी होते, हलकी होत नाही. पंधरा किलोंच्या आसपासचं ते लोखंड डोक्यावर घेऊन मी संध्याकाळच्या गर्दीत लगेजच्या डब्यात शिरलो. तिथे टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी जाळीवर बोट वाजवून विचारलं, "किती कोंबड्या मावतात हो यात?" म्हटलं, कोंबड्या नाहीत, एकच पिल्लू आहे, तीन किलोचं. मावशींनी शेजारणीला ढोसलं. "अगं ऐक, तीन किलोचं पिल्लू! मग कोंबडी केवढी असेल?" डोंबिवली येईपर्यंत सगळा डबा माझ्याकडे आदराने बघत होता.

खोक्यावर लिहिलं होतं की ही क्रेट हत्याराशिवाय, काही मिनिटांत उभी राहते. राहिलीही. फक्त खालचा ट्रे सरकवायला गेलो तर त्याची खाच छताकडे निघाली. ती उलटी करून पुन्हा उभी केली तेव्हा हॉलमध्ये क्रेट आणि मी एवढेच मावत होतो. मग कन्येने आठवण करून दिली, की सुरुवातीच्या रात्री क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवायची असते. आईपासून तुटलेल्या पिल्लाला जवळ कुणाचा तरी श्वास ऐकू आला की ते कमी रडतं. बेडरूमच्या दाराआड आमचं कपाट. क्रेट अर्धी आत जाऊन अडकली. तिची पुन्हा घडी घालायला हवी होती. अभिमन्यूला आत शिरायचं ठाऊक होतं, बाहेर पडायचं नव्हतं. माझंही तसंच, उभी करता आली, मिटवता येईना. शेवटी क्रेट ओढून हॉलमध्येच ठेवली आणि बेडरूम हॉलमध्ये आणली. मी खाली सतरंजीवर, डोकं क्रेटला लावून.

या जोडणीतून एक जाळी उरली. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. मी जोडलेल्या प्रत्येक वस्तूतून काहीतरी उरतंच. मिक्सर, टेबलफॅन, कन्येची तीनचाकी, सगळ्यांचे उरलेले स्क्रू श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवलेले आहेत, आणि त्या वस्तू त्यांच्यावाचून चालल्याही, निदान काही दिवस. ही जाळी मात्र डब्यात मावण्यातली नव्हती. आईने ती बघितली आणि तिचा चेहरा खुलला. गावाहून आणलेली तोंडल्याची काडी तिने नुकतीच बाल्कनीतल्या कुंडीत खोचली होती, वेलाला आधार हवाच होता. जाळी सुतळीने गजाला बांधली. घरात त्या दिवशी माझं कौतुक झालं. असे दिवस मी लक्षात ठेवतो.

मग शिक्षण सुरू झालं. आत बिस्किट टाकायचं, पिल्लू आपण होऊन आत जातं, असा प्रकार. हळद्या मागचे दोन पाय उंबऱ्याबाहेर घट्ट रोवून, पुढचं अंग रबरासारखं ताणून बिस्किट काढायचा आणि जागेवर यायचा. मग बिस्किट आणखी मागे. ४२ इंचांच्या पार टोकाला बिस्किट ठेवायचं तर हात पुरत नाही, म्हणून मी खांद्यापर्यंत आत. हळद्या बाहेर बसून मान वाकडी करून बघत असे. आईने आतून विचारलं, "जायला लागला का आत?" हिने उत्तर दिलं, "हो, हे जातात. तो अजून नाही." आपल्या अंगाचा वास असलेला कपडा आत ठेवावा म्हणतात, म्हणून मी माझा जुना बनियन ठेवला. त्याने तो दातांत धरून बाथरूमच्या बादलीजवळ नेऊन टाकला. आईच्या सुती लुगड्याची गोधडी घातली तेव्हा मात्र तो निमूट आत गेला, गोल फिरला आणि झोपला. बनियनबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं, इतकं ते शांत बसणं बोचलं.

गोधडी पुढच्या भागात होती. मागे उरलेल्या मोकळ्या जागेत रोज सकाळी जे दिसायचं ते सांगत नाही, तुम्ही कदाचित चहा घेत असाल. रोज ट्रे ओढा, धुवा, फिनेल, पाऊस, न वाळणारी फडकी. माझं निदान असं, की पिल्लाचं पोट नाजूक आहे. आईने सुंठ उगाळायला घेतली तेव्हा मी त्याला उचलून डॉक्टरबाईंकडे गेलो. तशीही लसीची तारीख जवळ आली होती.

त्यांनी पोट तपासलं, उत्तम होतं. मग क्रेट केवढी विचारली. मी जरा छाती काढून सांगितलं, ४२ इंची. त्या म्हणाल्या, "कुत्रा झोपायची जागा घाण करत नाही. तीन-चार आठवड्यांचं पिल्लूसुद्धा धडपडत कुशीपासून लांब जाऊन करतं. याच्याकडे लांब जायला जागा आहे. तुम्ही त्याला वन-बीएचके दिलाय, त्याने मागे संडास काढलाय. मोठी क्रेट घ्यायला हरकत नाही, पण मधे पार्टिशन घालायचं आणि तो वाढेल तसं मागे सरकवायचं. सोबत जाळी मिळाली असेल ना? कुठे लावलीत?"

"बाल्कनीत."

"क्रेट बाल्कनीत ठेवलीय?"

"नाही, क्रेट हॉलमध्ये. पार्टिशन बाल्कनीत."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी लस हळद्यालाच टोचली, हा त्यांचा चांगुलपणा.

घरी येऊन बाल्कनीत बघतो तर वेलाने जाळीच्या एकेका तारेला दोरे गुंडाळलेले, आणि वर पांढरी फुलं. मी सुतळीच्या गाठीला हात लावताच मागून आई म्हणाली, "फुलावर आलेल्या वेलाला हात लावलास तर बघ." मी हात मागे घेतला. मग पार्टिशन म्हणून जुनी सूटकेस आडवी लावली, हलू नये म्हणून तिच्यात जुने दिवाळी अंक भरले. हळद्याने सूटकेसचा कोपरा कुरतडून वाट काढली आणि आतला एक अंक खाल्ला. त्यात माझा विनोदी लेख होता. पोट अजिबात बिघडलं नाही. माझं लेखन पचायला हलकं असतं, असं आता मी छातीठोकपणे सांगू शकतो.

पण सूटकेसने काम केलं. मागची जागा गेली आणि ट्रे कोरडा राहायला लागला. अर्थात त्याची किंमत माझ्या झोपेतून गेली. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, साधारण तितकेच तास ते जास्तीत जास्त दम धरू शकतं, हा डॉक्टरबाईंनी दिलेला दुसरा हिशेब. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. भर पावसात रात्री दोन वाजता एका हातात छत्री, एका हातात हळद्या, असा मी तीन जिने उतरायचो, तो खाली प्रत्येक स्कूटरचा सावकाश वास घ्यायचा, सेक्रेटरींचीच निवडायचा, आणि आम्ही वर यायचो. आठवड्याभराने वॉचमनने रजिस्टरमध्ये आम्हा दोघांची नोंद करायला सुरुवात केली. कामाच्या रकान्यात तो काय लिहितो हे मी पाहिलेलं नाही.

आता हळद्या वर्षाचा होऊन गेला. पंजे थोराड, बाकी सगळा मध्यम. नवी टेप आणून हिने त्याचं माप घेतलं, मला लांब बसवून: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत २७ इंच. म्हणजे ३६ इंची पुरून उरली असती. भर दुपारी घरात माणसं फार झाली की तो आपणहून क्रेटमध्ये जाऊन पडतो, आणि वर कुणी ओला टॉवेल वाळत टाकला तर आईच ओरडते, "त्याच्या खोलीवर पसारा नको." तेव्हा क्रेट काढून टाकायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ६ इंचांचा. तेवढ्यामुळे आमच्या हॉलचं दार आजही पूर्ण उघडत नाही.

तर वाचकहो, एक विनंती. तुमच्यापैकी कुणी तरी नक्कीच माझ्या उलट शहाणं असेल, ज्याने लॅब्रॉडोरचं पिल्लू बघून नेमक्या मापाची ३६ इंची क्रेट घेतली आणि आता तो लॅब्रॉडोर दारातच अडकतोय. अशांनी अदलाबदलीसाठी जरूर यावं. क्रेट उत्तम स्थितीत आहे, ट्रे स्वच्छ आहे, चहा मिळेल. दोनच अटी. एक, तिची घडी तुम्ही घालायची. दोन, पार्टिशन मागायचं नाही. तोंडल्याचा वेल एकदा धरला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि आमच्याला अजून भरपूर लागतायत. पावशेर तोंडली हवी तर बरोबर देऊ.