बिल्लेगुरुजी

राजुऱ्यात बिल्लेगुरुजींकडे जायचं तर घरून खाऊन जावं. फराळाची वेळ झाली की ते कपाटातून मिठाईचा जुना डबा काढतात आणि आत निघतात इंग्लंडच्या राजांचे बिल्ले! राज्याभिषेकाचे, ज्युबिल्यांचे, एकेक मलमलच्या चिंधीत तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला.

गंमत अशी की राजुऱ्याचा या राजांशी थेट संबंधच नव्हता. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपुरात पंचम जॉर्जचं राज्य, अलीकडे आपण निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला, राजुरा 17 सप्टेंबर 1948 ला. म्हणजे गुरुजी पलीकडच्या काठावरच्या राजांचे बिल्ले जमवतात. शेजारच्या लग्नातले फोटो आपल्या भिंतीला लावावे, तसं.

राजांवर त्यांचं प्रेम आहे म्हणावं, तर तेही नाही. लोभ आहे तो चुकलेल्या मुहूर्तांचा. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा 1902 चा बिल्ला ते आधी उलटा धरतात. तारीख 26 जून. प्रत्यक्षात दोनच दिवस आधी राजाच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि मुकुट चढला 9 ऑगस्टला.

"पत्रिका छापून झाल्या अन् नवरदेव दवाखान्यात!" गुरुजी मांडीवर थाप मारतात. मांडी बहुधा आपली असते.

मग आठवा एडवर्ड. याचा मुहूर्त 12 मे 1937. कारखानदारांनी आठवणीच्या वस्तू आधीच बाजारात आणल्या आणि यानं प्रेमापायी डिसेंबर 1936 मध्येच गादी सोडली. ठरल्या त्याच तारखेला मुकुट चढला तो धाकट्या भावाच्या डोक्यावर. "मांडव तोच, वाजंत्री तेच, नवरदेव दुसरा!" ही थाप जास्त जोरात.

1911 च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं पदक मात्र ते स्वतःच्याच मांडीवर ठेवतात. त्याच्या मागच्या बाजूला फारसी मजकूर आहे. उर्दू-फारसी जाणणाऱ्या सायकलवाल्याकडे ते वाचायला नेलं, तेव्हा त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "गुरुजी, यात तुमचं नाव नाही." तेव्हापासून पंक्चर दुसरीकडे.

सराफांवर त्यांचा कायमचा राग. किती पंचम जॉर्ज आटून सुनांच्या तोरड्या झाले, याचा ते हिशोब मांडतात. गावात कुणी नवी सून छुमछुम करत गेली, की गुरुजींचा चेहरा उतरतो. नवख्या माणसाला याचा भलताच अर्थ लागतो.

परवा मी गेलो तर घरात वातावरण गरम. लग्नाला 25 वर्षं झाली त्याच दिवशी गुरुजी 1935 च्या ज्युबिलीचं पदक पाहायला पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेलेले. रात्री परतले तोवर पाहुणे जेवून गेले होते.

"अहो, त्यात काय एवढं?" गुरुजी मला साक्षीला धरून म्हणाले. "निजामाचीही ज्युबिली लांबली होती. गादीवर बसला 1911 ला, सोहळा झाला फेब्रुवारी 1937 मध्ये. आपणही करू पुढच्या वर्षी!"

काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"काहून लांबली होती जी त्याची?"

"जानेवारी 1936 मध्ये पंचम जॉर्ज मेला ना. सुतक."

"हाव? तिथं राजा मेला होता," काकू म्हणाल्या. "इथं कोण मेलं होतं?"