मार्गे आजरा

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेल्या आजरा या तालुक्याच्या गावाची भूगोलाच्या पुस्तकातील नोंद काहीही असली, तरी गोव्याला निघालेल्या प्रवासीवर्गाच्या लेखी ते गाव नसून निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या क्रमातील एक अडथळा असतो. हा वर्ग पहाटे चारला उठून, मुलांना अर्धवट झोपेत मोटारीत कोंबून ज्या एका वस्तूच्या मागे धावत सुटतो ती वस्तू म्हणजे निवांतपणा होय; आणि तो दुपारी बाराच्या आत समुद्रकिनारी गाठला नाही तर दुसरे कोणी तरी संपवून टाकील, अशी त्याची श्रद्धा असल्यामुळे वाटेत फुकट मिळणारा निवांतपणा तो हिशेबात धरत नाही. आजऱ्यातील दुकानाच्या फळीवर पाय सोडून बसलेल्या इसमास पाहून 'या लोकांना काही कामधंदा आहे की नाही' असे उद्गार काढणारा गृहस्थ, काही तासांनी नेमक्या त्याच आसनात बसण्यासाठी कळंगुटला खुर्चीचे भाडे मोजतो, या व्यवहाराची दखल अर्थशास्त्राने अद्याप घेतलेली दिसत नाही.

निवांतपणाच्या विषयावर आजऱ्याचा घनसाळ तांदूळ अधिक अधिकारवाणीने बोलू शकतो. आखूड दाण्याच्या या सुवासिक वाणाला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या मालाला कायद्याने मिळणारी ओळख, प्राप्त झाले. तथापि या सन्मानामुळे त्याच्या वागण्यात कसलीही लगबग आलेली नाही. तो गरवा वाण आहे, म्हणजे उशिरा तयार होणारा आहे. शेजारच्या खाचरातील सुधारित जातीचे भात कापून, मळून, विकून त्याचे पैसे खर्चही झालेले असतात, तेव्हा घनसाळ पावसाळा संपल्यावरच्या गारव्यात दाणा भरत उभा असतो. उभा असतो असे म्हणणेही थोडे धाडसाचेच आहे, कारण उंच वाढलेली त्याची ताटे वाऱ्यापावसात आडवी होतात, ज्याला शेतकरी 'भात लोळले' असे म्हणतात. उत्पन्न कमी, वेळ जास्त आणि वर लोळण्याची सवय, एवढ्या गुणांवर कोणत्याही कचेरीत त्याला परीक्षाकाळातच निरोपाचा नारळ मिळाला असता. परंतु सुवासिक तांदळांच्या वासामागे जो मुख्य घटक असतो, ज्याला रसायनशास्त्रात 2-असिटिल-1-पायरोलीन असे तोंड भाजणारे नाव आहे, तो दाणा भरताना हवा थंड असली म्हणजे अधिक टिकतो. तेव्हा ज्याला आळस म्हणावे तीच त्या वाणाची कमाई ठरते.

गावाजवळच रामतीर्थ आहे, जिथे हिरण्यकेशी कातळावरून उड्या घेत खाली येते. वनवासात असताना प्रभू रामचंद्रांनी या ठिकाणी मुक्काम केला, अशी स्थानिक श्रद्धा आहे, आणि ती मानण्यास अडचण नाही, कारण चौदा वर्षांच्या वनवासाचा एक मोठा फायदा असा की त्यात सकाळी दहाला खोली रिकामी करावी लागत नाही. आजचा भाविक मात्र येथे पाण्याकडे पाठ करून उभा राहतो, भ्रमणध्वनीत स्वतःचे व धबधब्याचे एकत्र छायाचित्र घेतो आणि धबधबा नंतर, गोव्याच्या खोलीत, सवडीने पाहतो.

'मृत्युंजय' या 1967 साली प्रकाशित झालेल्या कादंबरीचे कर्ते शिवाजी सावंत यांचा जन्म 1940 साली याच आजऱ्यात झाला. महाभारतात इतके चपळ नायक उपलब्ध असताना या गावच्या लेखकाने ज्याच्या रथाचे चाक जमिनीत रुतले त्याच कर्णाला जवळ करावे, याचे नवल आषाढातला आजरा पाहिलेल्या वाचकास वाटू नये. चाक वर काढीपर्यंत थांब, अशी विनंती कर्णाने अर्जुनाला केली ती मुहूर्तभराची, आणि मुहूर्त म्हणजे दोन घटका, अर्थात 48 मिनिटे. मागणी अवाजवी होती हे मान्य करावे लागेल. एवढा वेळ आज कोणी जेवणालाही देत नाही.

अलीकडे संकेश्वर-बांदा मार्गाचे रुंदीकरण झाल्यापासून चाक रुतण्याची ती सोयही आटत चालली आहे. आजारी माणसाला गडहिंग्लज वा कोल्हापूर लवकर गाठता येते, हा लाभ मोठा आहे आणि त्याची चेष्टा करणे बरे नव्हे. मात्र वाचलेल्या वेळाचे पुढे काय होते, याचा शोध घेतला असता तो आंबोलीच्या घाटात पुढच्या मोटारीमागे भोंगा वाजवण्यात खर्ची पडलेला आढळतो.

परतीच्या वाटेवर मात्र हा प्रवासी आजऱ्यात क्षणभर थांबतो, कारण शेजाऱ्यांना काही तरी न्यावे लागते. मोटारीचे यंत्र बंद न करता, काच अर्धी खाली करून, तो दोन किलो घनसाळ मागतो. तांदूळ नवा की जुना, असे दुकानदार विचारतो, कारण नव्याला वास अधिक पण भात चिकट, आणि जुना मोकळा फुलतो पण वास थोडा उणा, हा भेद त्याला समजावून द्यायचा असतो. गिऱ्हाइकाची पृच्छा मात्र वेगळीच असते: कुकरच्या दोन शिट्ट्यांत शिजेल ना? यावर दुकानदार सुटे पैसे मोजत, मान वर न करता, उत्तर देतो, ''शिजंल की! पर वास नाकापत्तोर पोचायच्या आत तुमी हात धुऊन मोटारीत बसलेलं असशिला.''