भरवशाची व्हॅन

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ही म्हण आमच्या व्हॅनच्या कानावर गेलेली नाही. १९९८ सालची पांढरी मारुती ओमनी. नोंदणीची पंधरा वर्षं २०१३ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला आरटीओत न्यायचं, तपासून घ्यायचं. ती दर खेपेला पास होते. सोबत माझीही तपासणी झाली असती तर मला कधीच भंगारात काढलं असतं. तिरुपती, शेगाव, गणपतीपुळे करून आली, पण वाटेत एकदाही बंद पडली नाही. बंद पडतात ती आतली माणसं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचे आले आणि वेरूळ ठरलं. येडशी ते छत्रपती संभाजीनगर चौपदरी रस्ता, १९० किलोमीटरच्या आतबाहेर. पुढं वेरूळ तीसेक. "सहाला निघालो की दहा-साडेदहाला कैलास लेण्यासमोर," मी रात्री जाहीर केलं. कुणी हसलं नाही, म्हणजे कुणी ऐकलंच नव्हतं.

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. बायको पुढं एकदाच बसली. "अहो, सीटवर पापड ठेवला तर भाजून निघंल," म्हणाली आणि मागं गेली ती गेलीच. तेव्हापासून ती जागा अण्णांची. त्यांच्या कमरेला शेक लागतो. अण्णांची वेगाची कल्पना मात्र बार्शी लाईट रेल्वेवर पोसलेली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आमच्या येडशीवरून जायची. चढाला उतरून चिंचा पाडायच्या आणि पुन्हा चढायचं, असं ते सांगतात. काटा पन्नासच्या वर गेला की ते डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरतात.

कुठंही जायचं तर आधी गावाजवळच्या रामलिंगाचं दर्शन, हा आईचा नियम. गाडी नेमकी उलट्या दिशेला जाणार असली तरी. सीतेला पळवणाऱ्या रावणाला अडवताना जटायू इथंच पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं सांगतात. आता हिंदी सिनेमात कुणाला पळवायचं झालं की गाडी कुठली येते? सरकत्या दाराची ओमनी! जटायूच्या गावात असली गाडी बाळगणं म्हणजे जोखीमच. अभयारण्यातली वानरं अजून रामाच्याच पक्षाची आहेत. आम्ही थांबताच तिघं टपावर चढली. भाच्यानं दार सरकवलं आणि दशम्यांचा डबा झाडावर गेला. सीता सुटली, न्याहारी गेली.

उपाशी माणसांना घेऊन पन्नासचा वेगही राखता येत नाही. येरमाळ्याला आईला येडेश्वरीची आठवण झाली. "दारावरनं तसंच जातात व्हय रे? थांबीव की जरा." दर्शन, मग चहा, मग ज्यांनी दर्शनाआधी चहा घेतला नव्हता त्यांचा चहा.

पुढं तेरखेडा. फटाक्यांचं गाव. दिवाळी तोंडावर, रस्त्याकडेला दुकानं, आणि गाडीत दोन भाचे. पुढचं सांगायला नको. खोकं ठेवायला जागा नव्हती म्हणून धाकट्यानं ते पुढच्या सीटपाशी सरकवलं. एरवी कुणी हात दिल्याशिवाय न उठणारे अण्णा ताडकन उठले आणि टपाला डोकं आपटून बसले. "अरे, माझ्या बुडाखाली बाँब ठेवायलास का?" खोकं मागं गेलं. तिथून पुढं माझी बायको ते मांडीवर घेऊन बसली, तान्हं मूल घेतल्यासारखी. माझ्याशी मात्र बोलली नाही.

सरमकुंडीच्या फाट्यावर कुंथलगिरीचे पेढे. त्यावर तरी भाष्य नको, मीच गाडी थांबवली होती.

मांजरसुंब्याला जेवायला बसलो तेव्हा दीड वाजला होता. "कुठं निघाला?" वाढणाऱ्यानं विचारलं. मी ताठ मानेनं वेरूळ म्हणालो.

"आज? मंगळवारी लेणी बंद असतात की."

भाकरी मोडणारे सगळे हात थांबले. आई एकटीच जेवत राहिली.

परतीला गाडी कुठंही थांबली नाही, थांबवायची कुणाची हिंमतही झाली नाही. अंधार पडता पडता दारात उतरलो. शेजारच्या काकूंनी गेटातूनच विचारलं, "झालं का वेरूळ?"

अण्णा सावकाश उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून एकदा मागं वाकले. "वेरूळाचं ह्याला विचारा," ते म्हणाले. "माझी कंबर मोकळी झाली."