सोयाबीनचा भाव सोडून हे काय भलतंच!

कळलं का? आपल्या धाराशिवात माणसं छंद जोपासायला लागली आहेत! तेही चोरून नाही, दिवसाढवळ्या, चारचौघांत. ज्या जिल्ह्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न 'पाऊस किती झाला' आणि दुसरा 'सोयाबीनचा भाव काय निघाला', तिथे आता तिसरा घुसलाय: 'व्हिपिंग क्रीम कुठं मिळतंय हो?' काय म्हणावं याला? ज्या काकूंनी हुलग्याच्या शेंगोळ्यांवर उभं सासर जिंकलं, त्या भाचीच्या वाढदिवसाला तीन मजली केक उभारतात, आणि तोही गुलाबी! ज्या पोराला रानात दारं धरायला पाठवलं, ते सरीतल्या पाण्यात उतरलेल्या सूर्याचा फोटो काढत बसतं आणि पाणी जातं शेजाऱ्याच्या उसाला!

बरं, याचं मिळतं काय? शेळी पाळली तर आपण समजू शकतो. उस्मानाबादी शेळी जुळी देते, बोकड बाजारात उभा केला की पैसा. फोटोला करडं होतात का? मोबाइलवर गेम जिंकून कुणाचं सोसायटीचं कर्ज फिटलं?

सगळं बिघडलं ते २०२० साली. जानेवारीत ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गावात झालं, तेव्हा वाटलं, आता घरोघरी कवी निपजणार. मनाची तयारीही केली होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि निपजले ते बेकर! कुकरची शिट्टी काढ, रिंग काढ, तळाला मीठ पसर, वर डबा ठेव. डब्यात काय? बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो. तो पहिला केक खाऊन सासऱ्यांचं पोट तट्ट फुगलं, तर घरातलं सगळं इनो केकातच संपलेलं. तरी माघार नाही. वर्षाच्या आत ओट्यावर ओव्हन आला, फिरतं ताट आलं, नोझलचा डबा आला. त्या डब्याला हात लावायची घरात कुणाची टाप आहे? ऐन फुगायच्या वेळी लाईट गेली की घरात सुतक. केक बसला म्हणून जेवण नाही, बोलणं नाही.

आपल्याला भट्टी नवी होती का? दिवाळीत पीठ, साखर, डालडा घेऊन बेकरीत नानकटाई भाजायला रांगा लावल्याच की आपण. आपला पत्रा दुसऱ्याने उचलला म्हणून भांडणंही झाली. पण ते वर्षातून एकदा. आता दर रविवारी? आणि भूम-कुंथलगिरीचा खवा दाराशी असताना? बिचारा धाराशिवचा गुलाबजाम पाकात निवांत पडून होता, त्यालाही उचलून केकाच्या डोक्यावर बसवला! भाकरी थापायचा कंटाळा येणारी सून ज्वारीच्या पिठाचा केक करायला दुपारभर खपते. सासूबाई म्हणतात, 'घशाला बसतोय बाई,' आणि तिसरी फोड उचलतात. एकादशीवाल्यांसाठी राजगिऱ्याचा, माळकऱ्यांसाठी बिनअंड्याचा. धर्म बुडाला म्हणायची सोयच ठेवली नाही हो या बायांनी!

चौकात तलवारीने केक कापणारे मात्र वेगळेच. त्यांच्यावर राज्यभर गुन्हे दाखल झाले. दया येते ती रात्र जागून त्या केकावर गुलाब काढणारीची.

पण यात एक मेख आहे. तीच बाई 'ऑर्डर घेते' म्हणाली की आपला सूर झटक्यात बदलतो. 'हां, मग हरकत नाही.' पैसे आले की सगळं पवित्र! नुसतं हौसेनं करते म्हणाली की आपल्या पोटात दुखतं. लोकांनी हौस सोडून धंदा करावा, यासाठी आपली केवढी ही तळमळ!

फोटोवाल्यांचं तर विचारूच नका. पूर्वी स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यापुढे खुर्ची, 'हलू नका', एक क्लिक आणि खेळ खलास. छत्तीस फोटोंच्या रोलात एक लग्न, एक बारसं आणि तुळजापूरचं दर्शन उरकायचं. आता? पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं आणि नळदुर्गात नर-मादी धबधबे कोसळायला लागले की हे तिथे हजर. आदिलशाहीतल्या कारागिरांनी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो काय म्हणून? जिल्ह्यातल्या यच्चयावत नवरदेवांनी पाठमोरं उभं राहून क्षितिजाकडे बघावं म्हणून? नवरी घेरदार झगा सावरत तटावर, दाजी हातात रिफ्लेक्टर धरून चिखलात, आणि फोटोग्राफर ओरडतोय, 'नॅचरल हसा!' दाजींनी जन्मात एवढं ऊन कुणासाठी धरलं नव्हतं.

दुसरी जमात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची. ही येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पहाटे जाते. कॅमेऱ्याची नळी हातभर, किंमत घरी निम्मीच सांगितलेली. मोर दिसेल म्हणून झाडाआड बसावं, तोवर माकडाने डब्यातल्या दशम्या लांबवाव्यात. फोटो आला कशाचा? दशमी खाणाऱ्या माकडाचा. त्यालाच गटात सर्वात जास्त अंगठे.

छंदाचं हे वेड जिल्ह्याला नवं म्हणावं, तर तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आडवे येतात. गावच्या पांढरीतून निघालेले मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या हा माणूस जपत राहिला. 'अप्पा, ही खापरं कशाला गोळा करताय?' असं कुणी विचारलंच नसेल? पुढे त्याच खापरांचं सरकारी संग्रहालय झालं, आणि आता पाहुणे आले की आपणच छाती काढून त्यांना तिथे नेतो.

आता गेमवाले. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली, तेव्हा पारावरची पोरं अशी बसली होती की बघणाऱ्याने विचारावं, कोण गेलं? पुढच्या जुलैत तोच खेळ नाव बदलून परतला. २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा हजर. खेळ कसला, आमदार म्हणा! रात्री साडेअकराला माडीवरून आवाज येतो, 'अरे मागून आलाय, मार त्याला!' खालच्या आजी उठून कडी तपासतात. दहा मिनिटांनी, 'मेलो रे, उचल मला!' आजी पुन्हा उठतात.

पैसे लावायचे खेळ वेगळे. ते घरं बुडवतात, त्यांची चेष्टा नको. पण जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री विधिमंडळात बसले असताना त्यांच्या मोबाइलवर रमी दिसली, तेव्हा आपण कसे तुटून पडलो होतो! ते म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. महिना संपायच्या आत कृषी गेलं आणि हाती आलं क्रीडा खातं. एवढा रसाळ विनोद आपल्या कट्ट्याला सात जन्मांत सुचला नसता.

आणि कट्ट्यावर या पोरांच्या नावाने बोटं मोडणारे कोण? तात्या? टाळेबंदीत लुडोची सोंगटी घरात जाईना म्हणून सख्ख्या सुनेशी तीन दिवस अबोला धरणारे तात्या? की कँडी क्रशची पुढची पातळी उघडावी म्हणून नातवाला गपचूप पाच रुपये देणाऱ्या आक्का? 'कसली थेरं ही' म्हणणाऱ्या गुरुजींचा फोन परवा चुकून हाती आला. आत काय? जास्वंदीचे फोटो. कळी, अर्धी उमललेली, पूर्ण उमललेली, दव असलेली, दव पुसून पुन्हा शिंपडलेली. गुरुजी लाजले. मग म्हणाले, 'या तिसऱ्यात उजेड बरा आलाय, नाही?' आपण म्हणालो, 'जरा डावीकडून घ्यायला हवा होता.' हे आपल्याला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

असो, निषेधाची बैठक रविवारी ठरली आहे. नळदुर्गात, सकाळी सातला, कारण त्यानंतर ऊन कडक होतं आणि फोटो पांढरे पडतात. गाडीत एक जागा शिल्लक आहे. फोन पूर्ण चार्ज करून आणा. केक काकू आणताहेत.